एस्तरबाई आणि ओट्यावरून निसटलेली एक प्रार्थना

एस्तरबाईंची आणि माझी ओळख माझ्या भित्रेपणामुळे झाली.

येडगावजवळच्या एका माध्यमिक शाळेत मी प्रयोगशाळा सहायक आहे. शाळेला एके वर्षी सहा संगणक मिळाले. मुख्याध्यापकांनी खोलीची किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "बिघडले तर तुला विचारीन." ते एवढे वाक्य मला दोन वर्षे पुरले. रोज सकाळी मी खोली उघडत असे, संगणकांवरच्या कापडी खोळी झटकत असे आणि पुन्हा कुलूप लावत असे. बटण एकदाही दाबले नाही.

बाई तेव्हा पिंपरी सोडून आपल्या मूळ गावी, वारूळवाडीला राहायला आल्या होत्या. मुलांना संगणक फुकट शिकवते, असे सांगायला त्या शाळेत आल्या. मी खोली उघडून दिली. त्यांनी एक खोळ वर केली, आतला कोरा पडदा पाहिला आणि मला विचारले, "हा शेवटचा कधी सुरू केला होता?"

"केलाच नाही बाई."

"का?"

"बिघडेल म्हणून."

"बिघडू दे की. त्याशिवाय आत काय आहे ते कळणार कसं?" मग माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाल्या, "भीती मात्र टाकू नका हं. पुढं लागेल ती."

तेव्हा मी चाळिशीला टेकलो होतो. माझे शिक्षण गावच्याच शाळेत झालेले. मुलांच्या बरोबर मागच्या बाकावर बसून मी प्रोग्रॅमिंग शिकलो, आणि मुलांच्या नंतर समजायचे म्हणून बाई मला शनिवारी दुपारी वेगळे शिकवू लागल्या. आमची चार ख्रिस्ती घरे रविवारी एका पडवीत उपासनेला जमत असत. त्या पडवीतही बाई येऊ लागल्या. शनिवारी शिक्षिका आणि रविवारी शेजारच्या चटईवर बसलेली बहीण, अशा दोन नात्यांनी मी त्यांना ओळखतो.

बाईंनी कामाला सुरुवात केली ती जाड कागदाच्या पत्त्यांना भोके पाडून प्रोग्रॅम लिहिण्याच्या काळात. पिंपरीच्या कारखान्यात, संगणकाच्या खात्यात त्या एकट्याच स्त्री होत्या. एकदा त्यांच्या एका भोकाच्या चुकीने एका पाळीतले सगळे कामगार गैरहजर दाखवले गेले. साहेब म्हणाले, सूचनाफलकावर दुरुस्ती लावून टाकू. बाईंनी फलकावर दुरुस्ती लावली, आणि शिवाय दुसऱ्या दिवशी पाळी सुटताना फाटकावर उभ्या राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगितले, "काल तुम्हाला गैरहजर लावलं ते माझ्यामुळं." कुणी हसले, कुणी चार शब्द सुनावले. ही हकिकत त्यांनी मला शिकवण म्हणून सांगितली नव्हती. भोके पाडायचे यंत्र कसे चालत असे, ते सांगताना ती ओघात आली. तिचे वजन मला फार पुढे कळले.

आमच्या भागातल्या पुष्कळांना बाई माहीत आहेत त्या 'ओट्या'मुळे. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ओटा म्हणजे बाईंनी उभारलेले एक छोटे समाजमाध्यम. ते कोणा कंपनीचे नाही. बाईंच्या घरात, तांदळाच्या कोठीशेजारी एक संगणक रात्रंदिवस सुरू असतो, तोच त्याचा सर्व्हर. असे छोटे सर्व्हर जगभर पुष्कळ लोक आपापल्या घरी चालवतात आणि ते एकमेकांशी बोलतात. एका घराच्या ओट्यावरून दुसऱ्या घराच्या ओट्याशी बोलावे तसे, म्हणून बाईंनी हे नाव ठेवले. जाहिरात नाही, कुणाची माहिती विकणे नाही. सकाळी कुणी टोमॅटोचा बाजार लिहितो, कुणी कालव्याला पाणी सुटल्याचे कळवतो, कुणी लिहितो, "वड्याकडच्या उसात बिबट्या दिसलाय, पोरं एकटी सोडू नका." ज्यांच्या घरात रोज उसातून वाट काढत शाळेत जाणारी मुले आहेत त्यांना त्या एका ओळीची किंमत कळेल.

एकदा पाण्याच्या पाळीवरून दोन शेतकरी ओट्यावर हमरीतुमरीवर आले. बाईंनी दोघांना फोन केला, "ओट्यावर भांडून झालं, आता घरात या." दोघे आले. बाईंनी मासवडी केली होती. बाईंना प्रोग्रॅम उत्तम येतो, मासवडी अजिबात येत नाही. ती फुटून रश्शात विरघळली होती. एक जण दुसऱ्याला म्हणाला, "खा गुमान, ही शिक्षा दोघांस्नी सारखीच हाय." भांडण तिथेच मिटले. माझ्या पत्नीच्या शस्त्रक्रियेच्या वेळी बाई आठ दिवस आमच्या घरी राहिल्या, तेव्हाही स्वयंपाक माझ्या धाकट्या मुलीने केला आणि बाईंनी भांडी घासली. त्यांना जे येत नाही ते त्या मोकळेपणी दुसऱ्याकडे देतात, आणि उरलेले हलके काम आनंदाने घेतात.

आता ज्या प्रसंगासाठी मी लिहायला बसलो त्याकडे येतो. बाईंच्या पंच्याहत्तरीच्या या गौरवग्रंथात असले काही लिहू नये, असे मला एकदोघांनी सुचवले. मी बाईंनाच विचारले. त्या म्हणाल्या, "माझं कौतुक चार ओळी कमी करा आणि तुमची चूक नीट लिहा. कुणाच्या तरी कामी येईल." ज्या मायलेकींवर तो प्रसंग आला त्यांनाही विचारले. आई म्हणाली, "लिवा. पन नाव नका घालू. एकदा घातलं तेवढं बास झालं." म्हणून त्यांची नावे आणि गावे इथे येणार नाहीत.

ओट्यावर आमचे एक प्रार्थनेचे खाते आहे. कुणीही त्यावर खासगी निरोप पाठवावा. आठवडाभराच्या निरोपांची यादी शनिवारी संध्याकाळी सात वाजता आपोआप तयार होते आणि आमच्या मंडळीतल्या सात वडीलधाऱ्या माणसांना जाते. ती सात माणसे रविवारी पहाटे त्या यादीवरून प्रार्थना करतात. यादी बनवणारा प्रोग्रॅम मी लिहिला होता. माझ्या हातून पुरा झालेला तो पहिला प्रोग्रॅम, आणि त्याचा मला अभिमान होता.

शिनोलीच्या पुढे, डोंगराकडे राहणाऱ्या एक ताई त्या खात्यावर अधूनमधून निरोप पाठवत. भात, नाचणी करणारे त्यांचे कुटुंब. घोडेगावात बाईंनी बायकांना फोन वापरायला शिकवले, तिथली त्यांची ओळख. ताई हिंदू आहेत, आणि बाईंनी त्यांना कधी काही बदलायला सांगितले नाही. ताई आपल्या देवाला नवस बोलत आणि आम्हालाही कळवत. "दोघांनी मिळून बघितलेलं बरं," असे त्या म्हणत.

त्या आठवड्यात त्यांचा निरोप होता: "लेकीला सासरी लई मारत्यात. बुधवारी दुपारी दवाखान्याचं निमित्त करून ती निघनार हाय. वाटंत कुनी अडवू नये म्हनून देवाला सांगा."

आमच्या मंडळीत प्रार्थना नाव-गाव घेऊन करायची रीत आहे. माझे वडील म्हणत, नाव न घेता केलेली प्रार्थना म्हणजे पत्ता न घातलेले पाकीट. यादीत एकाच नावाच्या दोन बायका आल्या की वडीलधारी माणसे मला फोन करत, "ही कुठली, आणि ती कुठली?" म्हणून त्या शुक्रवारी मी प्रोग्रॅममध्ये नावापुढे गाव येईल अशी सोय केली. यादी बाहेरून कशी दिसते ते पाहायचे होते, तेव्हा तपासणीपुरती ती 'सात जणांसाठी'ऐवजी 'सर्वांसाठी' अशी केली. जुनी यादी घालून पाहिली. छान दिसली. समाधानाने संगणक बंद केला आणि जेवायला गेलो. 'सर्वांसाठी' तसेच राहिले.

शनिवारी सात वाजता यादी निघाली. ताईंचे नाव, त्यांचे गाव आणि बुधवारचा बेत, सगळे जगाला दिसेल असे.

मला कळले ते रविवारी सकाळी, उपासनेला निघताना. फोन उघडला तर निरोपांची रांग लागली होती. कुठल्या कुठल्या सर्व्हरवरच्या ख्रिस्ती माणसांनी यादी वाचली होती. "आम्हीही या भगिनीसाठी प्रार्थना करतो," असे लिहून त्यांनी ती आपल्या लोकांना पुढे पाठवली होती, आणि त्या लोकांनी आणखी पुढे. एकाच्याही मनात वाईट नव्हते. चांगल्या माणसांनी चांगल्या मनाने एका मुलीच्या सुटकेचा बेत गावोगाव पोचवला होता.

मी आमच्याकडची यादी लगेच पुसली. पण ओट्याची रचना अशी आहे की सर्वांसाठी लिहिलेल्या गोष्टीच्या प्रती इतर सर्व्हरवर जातात. आपण पुसले की 'तुम्हीही पुसा' असा निरोप तिकडे जातो. पुसायचे की नाही, ते ज्याचे त्याने ठरवायचे. कुणा एकाच्या हातात सगळे नाही, हेच या व्यवस्थेचे मोठेपण बाई आम्हाला शिकवत आल्या होत्या. त्या सकाळी मला ते उलट्या बाजूने दिसले. आता ते कुणाच्याच हातात नव्हते.

खोटे लिहिणार नाही. पुसल्यावर पहिला विचार आला तो गप्प बसण्याचा. बुधवारला तीनच दिवस आहेत, डोंगरातल्या माणसांपर्यंत हे कशाला पोचते, असे मी मनाला सांगत होतो. ताईंचा एक दीर तालुक्याला मोबाइलच्या दुकानात बसतो, हे मला माहीत होते. त्याची ताईंच्या जावयाशी दोस्ती आहे, हेही. ते दोघे डोळ्यांपुढून हलेनात. मी बाईंना फोन लावला.

"बाई, माझ्याकडून फार मोठी चूक झालीय."

मी सांगितले ते त्यांनी शेवटपर्यंत ऐकले.

"कुठंकुठं गेलंय?"

"सगळं सापडत नाही बाई."

"बरं. आधी त्या ताईंना कळायला हवं. त्यांचा बेत आहे तो. फोन करू नका, फोन कुणाच्या हातात असेल सांगता येत नाही. बबनरावांची जीप बघा. तोवर मी पत्रं लिहिते."

मी वारूळवाडीला पोचलो तेव्हा बाई संगणकासमोर बसल्या होत्या. यादी जिथे जिथे गेल्याचे दिसत होते, त्या प्रत्येक सर्व्हरच्या चालकाला त्या वेगळे पत्र लिहीत होत्या. 'आमच्या चुकीमुळे हे आपल्याकडे आले आहे. यामुळे एका मुलीच्या जिवाला धोका आहे. कृपया काढून टाका आणि काढल्याचे कळवा.' माझ्यावर रागवायला त्यांना त्या घडीला सवड नव्हती. मला त्यांनी एवढेच म्हटले, "पाणी प्या. तोंड पांढरं पडलंय तुमचं."

बबनराव आमच्या ओळखीचे, वारूळवाडीचेच शेतकरी. जीप दारात लावून त्यांनी बाईंना हात दिला. "काय बाई, आज देवाला सुट्टी? रविवारचं कुटं निघालाय?"

"देव पुढं गेलाय बबनराव. आपल्याला गाठायचंय त्याला. जरा जोरात घ्या."

मंचर, घोडेगाव करत आम्ही निघालो. वाटेत बाईंच्या फोनवर उत्तरे येत होती. एकाने लगेच काढले. एका परदेशी चालकाने काढून वर क्षमा मागितली, त्याची काही चूक नसताना. एकाने विचारले, "तुम्ही म्हणता ते खरं कशावरून?" बाईंनी धक्के खात त्याला उत्तर लिहिले. शिनोली मागे पडली आणि रेंज गेली. आता कुठे काय चालले आहे ते कळायचा मार्ग नव्हता. समोरून मोटारसायकल आली की तो दीरच आहे असे मला वाटे. बाई डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांचे ओठ हलत होते, आणि मांडीवरचा हात दुसऱ्या हाताने घट्ट धरलेला होता. तेव्हा प्रथमच मला दिसले की बाईही भितात.

ताई अंगणात हिरडा वाळत घालत होत्या. आम्हाला पाहून त्यांच्या चेहऱ्यावर आधी हसू आले, मग ते गेले. बाईंनी त्यांना बाजूला घेऊन सगळे सांगितले. आडपडदा ठेवला नाही.

"बाई, तुमी म्हनला व्हता, ह्ये आपल्यातच ऱ्हाईल."

"हो. म्हणाले होते. ते खोटं ठरलं. चूक आमची आहे."

"चूक माझी आहे," मी म्हणालो.

ताईंनी माझ्याकडे पाहिले. त्या ओरडल्या असत्या तर बरे झाले असते. "भाऊ, तुमाला देवाला सांगाया सांगितलं व्हतं. जगाला कशाला सांगितलं?"

मी हात जोडले.

ताई हिरड्याच्या ढिगाशेजारी मटकन बसल्या. "आता तिला जित्ती ठेवत्यात व्हय..."

बाई त्यांच्यासमोर उकिडव्या बसल्या. गुडघे दुखतात, तरी बसल्या. "ताई, काय करायचं ते तुम्ही सांगा. आम्हाला त्या घराची माहिती नाही, तुम्हाला आहे. तुम्ही म्हणाल तसं करू."

ताईंनी पदराने तोंड पुसले. मग म्हणाल्या, "बुधवार कशाला? आजच. गावच्या यात्रंचं मूळ घेऊन जाते. मूळ आल्यावर लेकीला न्हाई म्हनता येत न्हाई. चार लोकांत नाक जातं त्यांचं."

सणाला किंवा यात्रेला लेकीला माहेरी न्यायला माणूस जातो, त्याला आमच्याकडे मूळ जाणे म्हणतात. भांडखोर सासरही मूळ सहसा परत लावत नाही. बाईंना ते पटले, पण उठता उठता त्यांनी विचारले, "यात्रा खरंच आहे ना?"

"हाय की. आठ दिसांनी."

"मग चला," बाई म्हणाल्या. इतक्या घाईतही आपण खोटे बोलणार नाही ना, याची खात्री करून घेणारे माणूस मी दुसरे पाहिलेले नाही. ताईंनी लुगडे बदलले, पिशवीत नारळ आणि खण टाकला, आणि जीपमध्ये बसल्या.

लेकीच्या सासरी ताई एकट्या आत गेल्या. आम्ही जीपमध्येच थांबलो. दार उघडे होते, बोलणे ऐकू येत होते.

"यात्रंला आठ दिस हायेत आन् आत्ताच मूळ?" सासूचा आवाज. "लेकीची लईच आठवन येती वाटतं!"

"येती ना. तुमाला बी लेकी हायेत."

"आन् जीप करून आलाय! लई सुधारला."

जावई पायरीवर उभा होता. हातात फोन, अंगठा वरखाली चाललेला. त्या अंगठ्याकडे मी ज्या भीतीने पाहिले, त्या भीतीने आयुष्यात कशाकडे पाहिलेले नाही. एकदम तो पायऱ्या उतरून थेट आमच्याकडे आला. बाईंकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले.

"तुमच्याकडं रेंज हाय का? सकाळधरनं नुसतं गोल फिरतंय."

"आमचं बी तसंच हाय राव," बबनराव म्हणाले. "टावरला काय झालंय कुनास ठाऊक."

तो शिवी हासडून परत गेला.

मुलगी बाहेर आली. चार दिवसांना जावे तेवढी एकच पिशवी तिच्या हातात होती. उंबऱ्यापाशी ती थांबली आणि परत आत वळली. ताई अंगणात ताटकळल्या. बबनरावांनी चावीवरचा हात काढून पुन्हा ठेवला. मी मनात एक ते शंभर मोजू लागलो आणि तीसच्या पुढचा आकडा आठवेना. मग ती आली, खाली मान घालून जीपमध्ये बसली, आणि जीप निघाली. पुढच्या वळणानंतर ती पहिल्यांदा बोलली. "गॅसवर दूध व्हतं. उतू गेलं असतं." असे म्हणून ती आईच्या मांडीवर डोके ठेवून थरथरू लागली.

त्याच दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमारास ताईंना जावयाचा फोन आला. "वाचलं आमी सगळं. बुधवारची तयारी व्हती व्हय? त्या चर्चवाल्या बाईला बी बघतो." टॉवर दुपारीच सुरू झाला होता.

मंगळवारी वारूळवाडीला बाईंच्या फाटकाशी चार मोटारसायकलींवरून जावयाकडची माणसे आली. मी तिथेच होतो. बाई बाहेर गेल्या.

"उन्हात का उभे? आत या."

"बसाया न्हाई आलो. तुमी बाया बाटवता का?"

"नाही. त्या ताई आजही त्यांच्या देवाला नवस बोलतात. जाऊन विचारा." बाईंचा आवाज कापत होता, पण त्या थांबल्या नाहीत. "त्यांचं नाव आमच्याकडून जगापुढं गेलं, ती आमची चूक. त्याबद्दल मी त्यांची माफी मागितलीय. मुलगी मार खाऊन निघाली, त्याची माफी मी मागणार नाही."

तोवर बबनराव आणि शेजारची पाचसहा माणसे येऊन उभी राहिली. मोटारसायकली परत फिरल्या. "बघून घेऊ," एवढे शेवटी ऐकू आले. ती माणसे पुन्हा आलेली नाहीत. मात्र बाईंच्या रस्त्याला मोटारसायकल वळल्याचा आवाज आला की मी अजून हातातले काम थांबवतो, आणि बाईही थांबतात हे मी पाहिले आहे.

मला वाटले होते, प्रोग्रॅम आता माझ्याकडून काढून घेतील. दुसऱ्या दिवशी बाईंनी मला बोलावले आणि म्हणाल्या, "दानीएल, तुम्हीच दुरुस्त करा. ज्याला भीती कळली त्याच्याच हातात हे असलेलं बरं." आता ओट्यावर यादी लिहिलीच जात नाही. निरोप आला की बाई किंवा मी त्या सात जणांना फोन करतो आणि तो निरोप लगेच पुसतो. वडीलधाऱ्यांनी आधी तक्रार केली, नाव-गाव कागदावर नसेल तर लक्षात कसे राहणार? बाई म्हणाल्या, "आपल्याला नाही राहिलं तरी ज्याला सांगायचं त्याला पत्ता माहीत आहे."

मुलगी सुखरूप आहे. काम करते, स्वतःचे भागवते. कुठे राहते ते चार माणसांना ठाऊक आहे, आणि त्यांतला मी नाही. मीच बाईंना म्हणालो होतो, मला सांगू नका.

बाकी सगळ्या सर्व्हरवरून ती यादी निघाली. एका ठिकाणी राहिली आहे. तो चालक कोण, कुठला, काही कळत नाही. उत्तर देत नाही. त्या पानावर आजही ताईंचे नाव, गाव आणि बुधवार तसेच आहे. ताई त्याच गावात राहतात. आधी न वाचलेले कुणी ते उद्याही वाचू शकेल, आणि मुलगी कुठे आहे ते विचारायला पहिले त्यांच्याच दारात जाईल. बाई दर रविवारी उपासनेहून आल्यावर त्या चालकाला पत्र लिहितात. पाच ओळी असतात. एकदाही रागाचा शब्द मी वाचलेला नाही. शेवटी असते, 'आपण बरे असाल अशी आशा करते.' मी एकदा चिडून म्हणालो, कशाला एवढी आर्जवे? तर म्हणाल्या, "आजारी असेल बिचारा. किंवा गेलाही असेल, आणि यंत्र तेवढं चालू राहिलं असेल. नाव माहीत नाही, तरी त्याच्यासाठीही मागते मी."

गेल्या काही महिन्यांपासून बाईंना पडद्यावरची बारीक अक्षरे नीट दिसत नाहीत. पत्र त्या सांगतात, मी लिहितो, आणि मोठ्या अक्षरांत करून त्यांना दाखवतो. त्या दोनदा वाचून मगच पाठवू देतात.

बाईंना या महिन्यात पंच्याहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांच्या मागे हे सगळे कोण बघणार, हा प्रश्न ओट्यावर कुणी मोठ्याने विचारत नाही, पण तो प्रत्येकाच्या मनात आहे, आणि माझ्या मनात तो सगळ्यांत जास्त आहे, कारण बहुतेक ते काम माझ्याकडेच येणार आहे. म्हणून माझ्या शुभेच्छेत स्वार्थ आहे, तो मान्य करतो. परमेश्वराने बाईंना उदंड आणि निरोगी आयुष्य द्यावे, त्यांच्या गुडघ्यांना बळ आणि डोळ्यांना उजेड द्यावा. आणि असा एक रविवार त्यांना दाखवावा की त्या अनोळखी माणसाचे 'काढले' एवढ्या एका शब्दाचे उत्तर आलेले असेल, ते बाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचावे, आणि लगेच डोंगराकडे फोन लावून ताईंना सांगावे की आता दार उघडे टाकून निजा.